रक्तातच असतं म्हणे!

"त्यांच्या रक्तातच चोरी आहे" हे वाक्य आपल्याकडं अजून सहज बोललं जातं. इंग्रजांनी तर १८७१ ला तसा कायदाच केला, काही जमाती जन्मानंच गुन्हेगार! कन्फ्यूशियसनं चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी उलटं सांगितलेलं: माणसं जन्मतः जवळपास सारखीच, सवयींनी लांब जातात. पुढं त्याच्याच परंपरेत मेन्सियसला माणूस मुळात चांगला वाटला, शुन्झीला वाईट. पण वळण लावावं लागतं, हे दोघांनाही मान्य.

मला यात आपले शाहू महाराज दिसतात. १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरडांना रोज हजेरी द्यावी लागायची, ती १९१८ ला बंद केली. आणि फासेपारध्यांना? थेट पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना बघून लोक कड्या लावायचे, त्यांच्याच हाती राखण! विश्वास टाकला, काम दिलं, तशी माणसं घडली.

तो कायदा १९५२ ला गेला. तरी गावात चोरी झाली की पहिला संशय पालावरच. त्या पालावरची पोरं शाळेत जातात का, हे विचारायला मात्र कोण जात नाही.