माळवद, गलबत आणि अडीच किलो पाणी

मी मूळचा मिरजगावचा. नगर-सोलापूर रस्त्यावर, कर्जत तालुक्यात. आमच्याकडे पाणी 'बाहेर' ठेवायची चिंता वर्षातले मोजके दिवस, आणि ती सगळी माळवदाची. तुळया, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाच्या आधी आजोबा वर चढून भेगा बुजवायचे. थेंब पडायचा चुलीपाशी आणि हे माती दाबायचे पार भिंतीच्या कडेला. विचारलं की म्हणायचे, "पाणी आतनं चालतं बाबा."

हे आठवलं ते माझ्या विंडसर्फिंग बोर्डामुळे. (हो, दुष्काळी तालुक्यातला माणूस शिडाच्या फळीवर उभा राहतो. हसून घ्या.) गोव्यात सेकंडहँड घेतला तेव्हा 8 किलोचा होता. दोन सीझननंतर उचलताना जड वाटला म्हणून वजन केलं, तर साडेदहा! अडीच किलो मांडवी आत शिरली होती आणि बाहेरून एक ओरखडा दिसत नव्हता. मग नेहमीप्रमाणे रिपेअर राहिलं बाजूला आणि मी वाचत बसलो.

जुन्या लाकडी जहाजांचा हिशेब सरळ होता: पाणी येणारच. कोकणातली होडी उन्हात सुकून परत पाण्यात घातली की सुरुवातीला गळते, मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. फळ्यांच्या सांध्यात कापूस किंवा काथ्या, वर राळ आणि माशाचं तेल. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची. तरी पाणी आलंच तर उपसायचं. जॉन हेन्री ग्रोस नावाच्या इंग्रजाच्या 1757 साली छापलेल्या प्रवासवर्णनात सुरतेच्या जहाजांचं कौतुक आहे. तिथे फळ्या नुसत्या शेजारी-शेजारी न ठेवता एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवत, त्यामुळे सांध्यातून पाणी शिरत नसे.

त्याच सुरतेहून 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले. पुढे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 1817 सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशेपेक्षा जास्त वर्षं! पण तळाशी साठणारं पाणी काढायला पंप तिथेही लागायचेच. म्हणजे सर्वोत्तम कारागिरालासुद्धा 'गळणार नाही' असं म्हणायचं नव्हतं. गळालं तर दिसेल आणि काढता येईल, एवढी सोय तो करून ठेवायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर हँडलिंग.

विंडसर्फिंग बोर्डाने ही सोयच काढून टाकली. जिम ड्रेक हा विमानांचा इंजिनियर आणि हॉइल श्वाइट्झर हा कॉम्प्युटरच्या धंद्यातला (म्हणजे आपलाच) माणूस. या दोघांनी 1968 साली कॅलिफोर्नियात पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडमधल्या पीटर चिल्व्हर्सने 1958 साली, बारा वर्षांचा असताना, असंच काहीतरी बनवलं होतं म्हणून तिथल्या कोर्टात ते पेटंट पुढे टिकलं नाही, पण ती वेगळी पोस्ट होईल. सुरुवातीचे बोर्ड म्हणजे जाड प्लास्टिकचं कवच आणि आत फोम. दणकट, पण जड. 1984 साली विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये गेलं, वेगाचं वेड वाढलं आणि वजन कमी करायची शर्यत लागली. मग आत थर्मोकोल आणि बाहेर काचेच्या कापडाची व इपॉक्सीची पातळ साल आली. आपल्या टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल, तोच. त्यात जवळजवळ सगळी हवाच, आणि दाण्यादाण्यांमध्ये पाण्याला चालायला वाट. आजोबांचं वाक्य इथे शब्दशः लागू पडतं.

आता गंमत बघा. माझा बोर्ड 120 लिटरचा. गोव्याच्या उन्हात आतली हवा 50 अंशांवर गेली आणि बोर्ड 28 अंशांच्या पाण्यात टाकला, तर हवा साधारण सात टक्क्यांनी आक्रसते. म्हणजे आठेक लिटरची ओढ! बारीकसं छिद्र असलं तरी बोर्ड पाणी चक्क शोषून घेतो. उलट भोक नसेल तर उन्हात हवा फुगून साल फोमपासून सुटते. म्हणून बोर्डाला हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. विमानाने किंवा घाटातून नेताना तो सैल करायचा, पाण्यात जाण्याआधी घट्ट करायचा आणि त्याची रबरी रिंग दर सीझनला बदलायची. पाणी बाहेर ठेवायचं तर हवेला वाट द्यावी लागते, हे मला दोन सीझन माहीतच नव्हतं.

आत गाभा आणि दोन्हीकडे इपॉक्सीची साल, ही पद्धत मोठ्या बोटीतही चालते. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 'म्हादेई' तशीच, फक्त गाभा लाकडाचा. 2009 साली ती नौदलाला मिळाली आणि कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे, चार थांबे घेत, मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतले. पण म्हादेईत आत उतरून, टॉर्च मारून ओल बघता येते. बोर्डात उतरणार कसं?

असो. माझ्या रिपेअरचं. पाणी शेपटाजवळून ठिबकत होतं म्हणून मी तिथेच भोक पाडलं आणि स्वस्त मिळालं म्हणून पॉलिएस्टर रेझिन ओतलं. त्यातल्या स्टायरीनने थर्मोकोल विरघळतो. लिंबाएवढा खड्डा बघताबघता नारळाएवढा झाला. चूक शंभर टक्के माझी, डब्यावर लिहिलं होतं. मग शहाण्यासारखं संशयित जागांवर साबणाचं पाणी लावलं, स्क्रूच्या भोकातून तोंडाने हळूच फुंकलं (कॉम्प्रेसर अजिबात नको, साल फाटते). बुडबुडे आले ते पार मधे, शिडाची काठी बसते त्या पट्टीच्या एका स्क्रूपाशी. शेपटापासून चांगलं हातभर लांब.

अकरा आठवडे बोर्ड पंख्याखाली, भोक खाली करून, टांगला. दर रविवारी वजन, एक्सेलमध्ये. साडेदहा, दहा, साडेनऊ... 8.4 ला येऊन थांबलं. मग इपॉक्सीने दोन्ही जागा बुजवल्या. वरचे चारशे ग्रॅम अजून आत आहेत की माझ्या पॅचचे आहेत, ते डिसेंबरात पुन्हा काट्यावर ठेवल्यावर कळेल.