दात घासायचे, पण रात्री का?

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. रात्री दात घासण्याला कसला आलाय इतिहास? पण बघा, 'तोंड धुतलंस का?' हा प्रश्न आपण सगळ्यांनी लहानपणी रोज सकाळी ऐकला आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय चहा मिळत नसे. रात्री मात्र तो आपल्याला सहसा कुणी विचारला नाही.

वैद्यकग्रंथांना याचा दोष देता येणार नाही. चरकसंहितेत दंतधावन दिवसातून दोन वेळा सांगितलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात तर वेळाही दिल्या आहेत, सकाळी आणि जेवणानंतर. काडी तुरट, तिखट किंवा कडू चवीची असावी, टोक मऊ करून घ्यावं, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, इतकं बारकाईने लिहिलेलं आहे. मग ही दुसरी वेळ गेली कुठे?

आम्हाला वाटतं, ती दोन ठिकाणी हरवली. धर्मशास्त्राने दंतधावन स्वीकारलं ते स्नानसंध्येच्या आधीची शुद्धी म्हणून. उपवासाच्या किंवा श्राद्धाच्या दिवशी काष्ठाने दात घासू नयेत, त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात, असा नियम झाला. आता किडीला कुठली आली एकादशी? पण हेतू कीड घालवण्याचा नव्हताच. शुद्धी सकाळची, म्हणून दातवणही सकाळचं.

दुसरं ठिकाण आपल्या भाषेतच आहे. जेवणानंतर आपण काय घेतो? मुखशुद्धी! बडीशेप, सुपारी, विडा. शब्द स्वच्छतेचा आणि पदार्थ चघळण्याचा. जेवणानंतरची जागा अशी आधीच भरलेली होती, त्यामुळे तिथे काही उणं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

याची सगळ्यात वाईट बाजू म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर चोळायची. ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी बायकांनी ती दात साफ करायची वस्तू म्हणूनच हातात घेतली. मग सकाळची मशेरी दुपारी लागू लागली, रात्री झोपतानाही लागू लागली. म्हणजे रात्री दात घासायची सवय काही घरांत होती बरं का, फक्त ती तंबाखूने लावलेली होती. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आज सर्वांना ठाऊक आहे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. घरच्या तव्यावर मात्र ही बंदी पोचणार कशी?

रात्रीला महत्त्व आलं ते जंतुशास्त्रामुळे. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली मांडलं की तोंडातले जंतू पिष्टमय आणि गोड अन्नापासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात पोखरतं. लाळ हे आम्ल धुऊन काढते, सौम्य करते. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. म्हणून रात्री दातांत राहिलेला घास दिवसापेक्षा जास्त नुकसान करतो. सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि शुद्धीच्या कल्पनेत त्याला जागा नव्हती.

साधनंही उशिराच आली. नायलॉनचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला. त्याआधीचे ब्रश बहुतेक डुकराच्या केसांचे, ते आपल्याकडे किती घरांत शिरले असते, तुम्हीच सांगा! फ्लोराइडची पेस्ट अमेरिकेत रुळली ती १९५० च्या दशकात. आपल्याकडे तोवर राखुंडी, काळं मंजन आणि कडुनिंबाची काडी होतीच, आणि तीही सकाळीच.

आता सवय लावायची कशी? सकाळच्या दात घासण्याला चहाची खुंटी होती. तशी रात्रीही एखादी खुंटी हवी. दाराला कडी लावली की ब्रश, किंवा मोबाइल चार्जिंगला लावला की ब्रश. दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट, नंतर थुंकायचं पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत. इथे बारा चुळांचा नियम उलटा होतो! कारण फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहायला हवं.

आणि मुलांना झोपताना साखर घातलेलं दूध देणाऱ्या आज्या इथे समोर बसल्या आहेत, म्हणून सांगतो. दूध जरूर द्या, पण ब्रशच्या आधी. त्यानंतर फक्त पाणी. चला, आता प्रश्न घेऊ.