कारण : गांजा

शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, नगरची हद्द लागते. इंग्रजी अमदानीत पलीकडच्या त्या मुलखात गांजा पिके आणि सरकार त्यावर महसूल घेई. गांजाने माणसं वेडी होतात ही ओरड लंडनच्या पार्लमेंटात पोचली, तेव्हा १८९३ मध्ये सात जणांचं कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. तीन सभासद हिंदी. ७० छापील प्रश्न, ११९३ साक्षीदार. आपल्याकडच्या सरकारी व्यसनसंशोधनाचा मूळपुरुष मी याच कमिशनला मानतो, कारण त्याने खुद्द सरकारचंच दप्तर तपासलं.

वेड्यांच्या इस्पितळातल्या नोंदवहीत वेडाच्या कारणाचा रकाना असे. रस्त्यावर भरकटणाऱ्याला पोलीस आणून सोडत. सोबत घरचं कुणी नाही, मागचं काही ठाऊक नाही. रकाना तर भरायचा. मग ‘गांजा’ लिहून पोलीस मोकळे होत, इस्पितळ तेच उतरवून घेई आणि वर्षअखेरीस त्याचा सरकारी आकडा होई. १८९२ सालचे असे २२२ रोगी होते. कमिशनने एकेकाचा माग काढायला लावला. गांजा-भांगेशी खरोखर संबंध लागला तो ९८ जणांचा; दुसरं काहीच कारण सापडलं नाही असे ६१ उरले.

पुढे कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रांनी अफू-गांजाचा शास्त्रीय अभ्यास केला, १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला, १९८८ मध्ये दिल्लीच्या एम्सचं व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. एम्सच्या याच केंद्राने २०१८ मध्ये देशभरातल्या दोन लाख घरांत जाऊन माणसांनाच विचारलं. रकाना पोलिसाच्या हातून सुटून घराच्या उंबऱ्यावर आला, ही मला सव्वाशे वर्षांतली मोठी कमाई वाटते. तिथे कळलं, की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता.

पण हे आकडे राज्यापाशी थांबतात. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर हातभट्टीने किती घरं बुडाली, ते त्यांत दिसत नाही. ते घरातल्या बायकांना ठाऊक असतं, आणि परक्यापुढे त्या बोलत नाहीत. उद्या कुणी कागद घेऊन दारात आलं, तर वहिनी, मामी, खरं ते सांगा. आणि तोवर थांबू नका : १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.