जहाजावरची शेगडी आणि घरातला राउटर

राउटर उलटा करून बघा. तळाच्या स्टिकरवर किंवा खोक्यातल्या घडीपत्रकात एफसीसीची, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची, एक अट बऱ्याचदा बारीक अक्षरांत सापडते: बाहेरून येणारा व्यत्यय या उपकरणाने सोसायचा, त्यापायी काम बिघडलं तरी. पैसे मोजून आणलेल्या वस्तूच्या पोटाखाली ही शरणागती कशासाठी, याचा माग काढत गेलं की माणूस ऑगस्ट 1947 मध्ये, अमेरिकेतल्या ॲटलांटिक सिटीत जाऊन पोचतो.

तिथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली होती आणि कोणत्या लहरी कुणी वापरायच्या याची जगभरची वाटणी चालू होती. 9 ऑगस्टला, आपल्याकडे स्वातंत्र्याला सहा दिवस उरले असताना, अमेरिकेच्या प्रतिनिधीने वाटणी समितीपुढे मागणी ठेवली की 2450 मेगासायकलची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखून ठेवा. मेगासायकल म्हणजे आजचे मेगाहर्ट्झ. कारण इतिवृत्तात नोंदलेलं आहे: या लहरींवर चालणारं एक डायथर्मी, म्हणजे शरीराला शेक देणारं, यंत्र आणि एक इलेक्ट्रॉनिक शेगडी, म्हणजे आजचा मायक्रोवेव्ह ओव्हन, अमेरिकेत तयार आहे; ती शेगडी पुढेमागे अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर आणि विमानांत बसेल; तेव्हा साऱ्या जगाने एकच आकडा ठरवलेला बरा.

माझ्या मते वायफायच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. शेगडी जमिनीवरच राहणार असती तर प्रत्येक देशाने आपापला आकडा ठरवला असता. ती बंदराबंदरांतून फिरणार म्हणून आकडा जगाचा झाला. पुरावा हवा असेल तर 915 मेगाहर्ट्झचा पट्टा बघा. तोही अशाच कामांसाठी राखलेला, पण फक्त अमेरिका खंडांत. युरोपात आणि भारतात त्या परिसरात पुढे मोबाईल फोन आले. एनसीआर कंपनीचं ‘वेव्हलॅन’ हे वायफायच्या आधीचं बिनतारी नेटवर्क अमेरिकेत 915 वरच निघालं होतं. जगात विकायचं म्हटल्यावर त्याला 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात यावं लागलं. पुण्यात घेतलेला लॅपटॉप लिस्बनच्या हॉटेलात बिनबोभाट जोडला जातो, त्याचं श्रेय मी त्या तेव्हा अजून न बसवलेल्या शेगडीला देतो.

शेगडीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. रेथिऑन कंपनीत रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनपाशी उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोडाची वडी वितळली, 1945 मध्ये पेटंटचा अर्ज गेला, 1947 मध्ये ‘रडारेंज’ बाजारात आली. माणसाहून उंच, साडेतीनशे किलोच्या आसपास वजन, थंड ठेवायला पाण्याचा नळ जोडावा लागे. प्रतिनिधीचं भाकीत मात्र खरं ठरलं. 1959 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘सव्हाना’ या अमेरिकेच्या अणुशक्तीवरच्या व्यापारी जहाजाच्या मुदपाकखान्यात रेथिऑनची अशीच पाण्याने थंड होणारी शेगडी बसवली होती.

पण 2450 च का? इथे एक गैरसमज इतका पक्का रुजलाय की तो उपटूनच पुढे जायला हवं. पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला डोलतो, म्हणून हा आकडा निवडला, असं शाळा-कॉलेजांतही सांगितलं जातं. साफ चूक. साध्या तापमानाच्या पाण्यात या लहरी सर्वाधिक शोषल्या जातात त्या 20 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आठपट वर. आणि मायक्रोवेव्हने 2450 ऐवजी पाण्याची ‘नेमकी’ वारंवारता खरोखर वापरली असती, तर बटाट्याची साल तेवढी भाजली असती आणि आत कच्चाच. कारखान्यांतल्या मोठ्या भट्ट्या तर 915 वर चालतात, कारण त्या लहरी आणखी खोल शिरतात. माझा अंदाज वेगळा आहे: युद्धात रेथिऑनने दहा सेंटिमीटर लहरींच्या रडारसाठी मॅग्नेट्रॉनचे ढीग बनवले होते. 2450 ची लहर सव्वाबारा सेंटिमीटरची, म्हणजे शेजारचीच. हाताशी असलेलं कसब आणि यंत्रं ज्या टप्प्यात स्वस्तात वापरता येतील, तिथे आकडा जाऊन बसला. पाण्याच्या कथेपेक्षा ही कमी रम्य आहे, पण कारखानदारांच्या स्वभावाशी जास्त जुळते.

अशा रीतीने हा पट्टा गावच्या गायरानासारखा झाला: मालक कुणी नाही, म्हणून दुसऱ्याची गुरं शिरली तर तक्रारही चालत नाही. शेगड्यांच्या गोंगाटामुळे नाजूक संदेशवहनाला ती जागा नकोशीच होती. एफसीसीतले अभियंते मायकल मार्कस यांनी नेमकं तेच हेरलं, आणि 9 मे 1985 च्या निर्णयाने 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना संदेशवहनाची मुभा मिळाली. संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा आणि व्यत्यय सोसायचा. स्टिकरवरची अट ती हीच. पुढचं सर्वश्रुत आहे: 1997 मध्ये वायफायचं 802.11 हे मानक, 1999 मध्ये त्याची वेगवान ‘बी’ आवृत्ती, आणि मग घरोघरी डबे.

माझ्या शेगडीला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिली हेडी लमार. या हॉलिवूड नटीने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर 1942 मध्ये वारंवारता उड्या मारत बदलण्याचं पेटंट मिळवलं, तेही आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी पट्ट्यांवरून सुचलेलं, 88 वारंवारतांचं. म्हणून ‘वायफायची जननी’. कौतुक हवंच, पण 1997 च्या मानकात उड्यांची पद्धत हा एक पर्याय होता आणि ‘बी’ने त्याऐवजी दुसरी वाट धरली. उड्या टिकल्या त्या ब्लूटूथमध्ये.

दुसरा दावा जास्त भक्कम. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत नंतर काम केलेले जॉन ओ’सलिव्हन सत्तरच्या दशकात फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. विवरं सापडली नाहीत, पण धूसर संकेत सावरण्याच्या गणिताची ती ओळख पुढे भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींतून संदेश निवडायला कामी आली. संस्थेला 1996 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं आणि कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर वसूल झाले. मान्य. पण त्यांनी गाडी वेगवान केली, रस्ता शेगडीचाच.

आणि शेगडीने त्याच ऑस्ट्रेलियात सूडही उगवला. पार्क्सच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं चमत्कारिक संकेत मिळत; त्यांना ‘पेरिटॉन’ असं एका काल्पनिक प्राण्याचं नाव पडलं. 2015 मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला: वेळ संपायच्या आधीच कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार ओढत होतं.

घरातही तेच घडतं. ओव्हनच्या आत सात-आठशे वॉट, राउटर जेमतेम एक दशांश वॉटचा. ओव्हनमधला हजारावा भाग जरी गळला तरी राउटर दबतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर साधारण दहा मिलिसेकंद बडबडतो, दहा गप्प बसतो. वायफायची पाकिटं त्या गप्प वेळात सटकतात. म्हणून नेट पूर्ण तुटत नाही, नुसतं अडखळतं.

आपल्याकडे जानेवारी 2005 च्या नियमांनी 2.4 चा पट्टा परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झ परिसरातले 605 मेगाहर्ट्झ मोकळे झाले. आता घरच्या निवडीचं: फायबरच्या जोडणीत मोडेमचं काम ऑपरेटरने दिलेली ओएनटीची डबी करते. निवडायचा तो राउटर. केबलवाला सिंगल बँडचा डबा गळ्यात मारू लागला तर नको म्हणा, कारण तो फक्त 2.4 वर चालतो. ड्युअल बँड घ्या. टीव्ही आणि लॅपटॉप 5 वर, स्मार्ट बल्ब आणि दोन भिंतींपलीकडचा फोन 2.4 वर. तिथे एकमेकांना न घासणारे चॅनेल तीनच: 1, 6, 11. ओव्हनचा मध्य 8-9 च्या आसपास पडतो, तेव्हा राउटर स्वयंपाकघराला लागून असेल तर 1 धरा.

5 चा पट्टा भिंतीला लवकर हार जातो, पण तिथे गोंगाट कमी. गंमत अशी, की 5725 ते 5875 हा त्यातला वरचा तुकडाही उद्योग-विज्ञान-वैद्यकाच्या त्याच यादीतला आहे. फक्त त्यावर चालणारी शेगडी कुणी घरोघरी विकली नाही.