कोष्टकातली घरे आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन

घोडेगावाहून निघून जुन्नर तालुक्यातील खोडदला जाऊन यावयास एक दिवस पुरतो. तेथे व भोवतालच्या शिवारात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, दूरच्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी टिपतात. हायड्रोजनपाशी इलेक्ट्रॉन एकच. आवर्त कोष्टकातले पहिले घर त्याचे. घर पाहून बाहेरचे इलेक्ट्रॉन सांगणे आज शाळकरी मुलालाही जमते. पण कोष्टक मांडले गेले तेव्हा इलेक्ट्रॉन कोणालाच ठाऊक नव्हता, याकडे आम्हांला श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे.

१८६९ साली रशियात मेंडेलेएवने ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने लावली. एक अणू दुसऱ्या किती अणूंचा हात धरतो ती संख्या, म्हणजे संयुजा, ठरावीक अंतराने परत येते असे त्याला दिसले. मेळ बसेना तेथे त्याने घर रिकामे सोडले, आणि नाव दिले ते चक्क संस्कृत आकड्याचे: अॅल्युमिनियमखालचे ते ‘एक-अॅल्युमिनियम’! १८७५ त फ्रान्समध्ये ब्वाबोद्रांला ते सापडले, तेच गॅलियम. त्याने घनता ४.७ सांगितली. तो धातू डोळ्यांनीही न पाहिलेला मेंडेलेएव म्हणाला, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यावी. मोजली, आणि तशीच आली. धाडस म्हणावे ते हे.

थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखविला १८९७ त. संयुजेचा त्याच्याशी संबंध लुईसने १९१६ त जोडला. पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, आणि तेराव्यापासून एककाचा अंक घ्यावा: तीन, चार, असे सतराव्यात सात. मिठातला सोडियम पहिल्यातला, क्लोरीन सतराव्यातला. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, आणि आमटीला चव आली. मधल्या दहा स्तंभांना, ज्यांत लोखंड-तांबे येतात, हा सरळ हिशेब लागू नाही.

अठराव्यात आठ म्हणावे, तर हीलियम आडवा येतो. त्याची पहिली चाहूल आपल्याच आकाशात लागली. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण इंग्रजांनी जमखंडीस, तर फ्रेंच जान्सेनने गुंटूरला पाहिले. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत पिवळी रेषा दिसली. ती सोडियमचीच असे आधी वाटले. तशी ती नव्हे हे इंग्लंडात लॉक्यरने ओळखले, आणि पृथ्वीवर तो वायू रॅम्सेच्या हाती लागला १८९५ त. त्याच्यापाशी इलेक्ट्रॉन दोनच. त्या हिशेबाने त्याने दुसऱ्या स्तंभात, चुन्यातल्या कॅल्शियमच्या पंगतीत बसावयाचे. पण त्याचे कवच दोनांतच भरते, तो कोणाचा हात धरीत नाही, म्हणून त्याला निऑनच्या डोक्यावर, अठराव्यात बसविले आहे.