वरोऱ्याचा कोळसा आणि चांद्याचें लोखंड

लोखंडाचें खनिज आणि दगडी कोळसा जवळजवळ सांपडले, कीं पोलादाचा कारखाना आपोआप उभा राहतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें असल्यास वाचकांनीं वरोऱ्याच्या इतिहासाकडे दृष्टि टाकावी, असें आम्ही सुचवूं.

चांदा जिल्ह्यास लोखंड नवें नव्हतें. येथील कारागीर लोणारी कोळशावर लहान भट्ट्यांत खनिज गाळून लोखंड काढीत. हत्यारास ‘पाणी देणें’ हा आपल्या भाषेंतील प्रयोग लोहाराच्या कामांतूनच आला आहे. परंतु त्या पाण्यानें धार येते ती कोळशांतील कर्ब लोखंडांत शिरला असेल तरच. निव्वळ मऊ लोखंडास कितीहि पाणी दिलें तरी तें मऊच राहतें.

सरकारनें वरोऱ्यास कोळशाची खाण चालविली आणि तिच्यासाठीं वर्ध्याहून आगगाडी आणली. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयींचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. नागपुरास एम्प्रेस मिल सुरू होऊन तेव्हां पांचच वर्षें झालीं होतीं. लोहाऱ्याचें खनिज उत्तम, आणि कोळसा वरोऱ्यास. योग जमून आल्यासारखा दिसत होता. जमशेटजींनीं वरोऱ्याचा कोळसा जर्मनीस नेऊन तपासविला. निकाल प्रतिकूल आला. शिवाय खाणींचे सरकारी नियम जाचक होते. बेत मागें पडला.

१८९९ सालीं ते नियम सैल झाले, आणि दोराबजी टाटा व अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम्. वेल्ड यांनीं चांद्याचें रान पुन्हा धुंडाळलें. परंतु कार्य साधलें नाहीं. नागपूरच्या संग्रहालयांतील एका नकाशानें दोराबजींस दुर्ग जिल्ह्याकडे नेलें, आणि १९०४ सालीं प्रमथनाथ बोस यांच्या पत्रानें मयूरभंजाकडे. १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली. १९१२ सालीं साकची येथें पोलाद निघालें. वरोऱ्याची खाण मात्र १९०६ सालींच बंद पडली होती.

या अपयशाचें कारण भट्टींत आहे. मोठ्या झोत-भट्टींत खनिजाचा प्रचंड भार कोळशावर पडतो. म्हणून तो कोळसा आधीं बंद चुलींत भाजून त्याचा कठीण, सच्छिद्र कोक करावा लागतो. वर्धा खोऱ्यांतील कोळशाचा असा कोक होत नाहीं. आगगाडीच्या एंजिनास जो चालला, तो भट्टीस चालला नाहीं.

विस्तवांत धातूच्या शेजारीं काय आहे आणि उष्णता किती आहे, या दोन गोष्टींवर सारें अवलंबून असतें. विसाव्या शतकांत जर्मनींतील क्रुप कारखान्यांत आडोल्फ फ्राय यांनीं कर्बाऐवजीं नत्रवायु पोलादांत मुरविण्याची रीत सिद्ध केली. सुमारें ५०० अंश उष्णतेवर अमोनियांत ठेवलेल्या पोलादाचा पृष्ठभाग त्या योगें अतिशय कठीण होतो. न गंजणाऱ्या पोलादास मात्र ही रीत जशीच्या तशी सोसत नाहीं. त्याचें रक्षण करणारें क्रोमियम नत्राशीं संयोग पावतें, आणि कठिणपणा आला तरी गंज लागूं लागतो. उष्णता सुमारें ४५० अंशांखालीं ठेवून पुष्कळ तास प्रक्रिया केली, तर नत्र क्रोमियमला न बांधतां पोलादांत विरघळून राहतो आणि दोन्ही गुण टिकतात. एकच धातु, एकच वायु. थोड्याशा उष्णतेनें फळ उलटें होतें.

वरोऱ्याच्या कोळशाचा न्यायहि असाच करावयास हवा. जर्मनींत नापास झाला तो एका विशिष्ट भट्टीपुरता. पुढें फिरत्या भट्टींत, न वितळवितां, कोक न होणाऱ्या कोळशानेंच स्पंज लोखंड करण्याची रीत निघाली. आणि याच जिल्ह्यांत घुग्गुस येथें तसा कारखाना चालूं लागला. भूमि दरिद्री असते असें म्हणण्यापूर्वीं तिच्या द्रव्यास योग्य अशी रीत आपण शोधली काय, हा प्रश्न विचारावा. वरोऱ्यास तो विचारला गेला खरा, परंतु रीत हातीं येईपर्यंत तेथील खाण मिटली होती आणि कारखाना परप्रांतांत उभा राहिला होता.