मुखत्यार, गुमास्ता आणि रुजवात

एआय एजंटाला ईमेलवर आलेला कोड मिळवून देऊन लॉगिन पुरे करणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका मराठीत लिहायची, तर पहिल्याच ओळीत तीन शब्द आडवे येतात: एजंट, व्हेरिफिकेशन, डॉक्युमेंटेशन. तसेच ठेवले तरी वाचणाऱ्याचे अडत नाही. पण या तिन्ही कामांचे शब्द आपल्या जुन्या दप्तरात आहेत, आणि ते उलगडताना कामाचे स्वरूपही उलगडते.

'दस्तऐवज' आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. फारसी 'दस्त' म्हणजे हात आणि 'आवेज' म्हणजे लटकणे, धरून राहणे. हाताने धरून राहावे असा आधार, हा मूळ अर्थ दिसतो. हा 'दस्त' आपल्या 'हस्त'चा सख्खा भाऊ. अवेस्तात त्याचे रूप 'ज़स्त' आहे. म्हणून 'हस्तक' आणि 'दस्तक' हे शब्द घडणीने एकाच घरचे. 'दस्तक'कडे पुढे परत यावे लागेल.

'एजंट' लॅटिन 'आगेरे'पासून. त्याचा संस्कृत भाऊबंद 'अज्', अर्थ हाकणे. वेदात गुरे हाकताना तो भेटतो. मराठीत या एजंटासाठी 'अभिकर्ता' हा सरकारी शब्द आहे, पण कागदाबाहेर तो फारसा पडलेला नाही. 'मुखत्यार' मात्र अजून चलनात आहे. अरबी ख-य-र या धातूतून 'खैर' आला, 'खैरात' आली, 'अखत्यार' आला आणि 'मुखत्यार'ही. धातूचा गाभा 'चांगले' आणि 'चांगले ते निवडणे' असा. या धातूच्या ठेवणीमुळे अरबीत कर्तरी आणि कर्मणी धातुसाधिते एकाच रूपात येतात: 'मुख़्तार' म्हणजे निवडणारा, आणि निवडलेलाही. मराठीने 'निवडलेला' हा अर्थ उचललेला दिसतो. कुलमुखत्यारपत्र हाती असलेला माणूस दुसऱ्याच्या वतीने सही करतो. उर्दूतला 'ख़ुदमुख़्तार' कुणाच्याच वतीने नसतो, तो स्वतंत्र. आजच्या एआय एजंटाबद्दलचा सगळा वाद या एका रूपात सामावतो: तो निवडलेला की निवडणारा?

मला स्वतःला येथे 'गुमास्ता' अधिक पटतो. फारसी 'गुमाश्तन' म्हणजे नेमणे, 'गुमाश्ता' म्हणजे नेमलेला. यात दुसरा अर्थ शिरायला फटच नाही. मुंबईत हा शब्द माणसावरून कागदावर सरकला. दुकान उघडणाऱ्याला आजही 'गुमास्ता काढला का' असे विचारतात, तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी अभिप्रेत असते.

आता पडताळणी. पडसाद, पडछाया, पडजीभ यांतला 'पड' हा 'प्रति'चा प्राकृत 'पडि'मार्गे आलेला अवशेष. 'प्रतिपदा'चा 'पाडवा' त्याच वाटेने आला. 'पडताळा'तही तोच असावा, आणि पुढचा 'ताळा' हिशेबातला, बेरीज बरोबर आली का हे उलटून पाहण्याचा. 'ताळेबंद'मध्ये तो अजून नांदतो आहे. हिंदी 'पड़ताल' काही कोशकार 'परितोलन'कडे नेतात. पण मराठीत 'ताळा' स्वतंत्रपणे वावरत असताना इतक्या लांब जाण्याची गरज नसावी.

तरीही ईमेल-कोडच्या प्रक्रियेला सर्वांत नेमका बसणारा शब्द 'रुजवात' आहे, जुन्या लेखनात 'रुजुवात'. 'रुजणे'शी त्याचा संबंध नाही; ते 'रुह्'पासूनचे दिसते. 'रुजवात' अरबी 'रुजूअ'मधून, अर्थ परतणे. अंत्य 'आत' हा अनेकवचनाचा प्रत्यय असावा आणि मराठीने 'खैराती'प्रमाणेच तो शब्द स्त्रीलिंगी एकवचनी करून घेतला. नोकरीवर 'रुजू' होणारा माणूस याच कुळातला. दप्तरात रुजवात घालणे म्हणजे खतावणी आणि पावत्या समोरासमोर ठेवून मेळ पाहणे.

साधन काय करते ते पाहा. एजंट ईमेलचा पत्ता भरतो. संकेतस्थळ त्या पत्त्यावर, बहुधा सहा अंकी, आकडा पाठवते. साधन ती पेटी उघडते, जुने पत्र वगळून नुकतेच आलेले पत्र निवडते, त्यातला आकडा वेगळा काढते. एजंट तो मुदतीच्या आत भरतो. पाठवलेला आकडा पाठवणाऱ्याकडे परत येतो आणि मूळ आकड्याशी जुळतो. परतणे आणि जुळणे हे 'रुजवाती'तले दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत.

'खातरजमा' हा तिसरा प्रतिस्पर्धी, आणि येथे मी तो नाकारीन. 'ख़ातिर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे गोळा झालेले. विखुरलेले मन एका जागी येणे, निश्चिंत होणे. 'खात्री', 'तुझ्याखातर' हे त्याच मनाचे सगेसोयरे. ही माणसाची अवस्था आहे. आकडा जुळला म्हणजे ती पेटी एजंटाच्या हाती आहे, एवढेच सिद्ध होते.

आणि इथे 'दस्तक' परत येतो. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या 1717 च्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ झाली. कंपनीने दिलेले दस्तक, म्हणजे परवाना, दाखवले की माल सुटे. कंपनीचे नोकर आणि त्यांचे गुमास्ते त्याच दस्तकावर खासगी व्यापार करू लागले. दस्तक खरे असे, पण माल कुणाचा? वैतागून बंगालचा नवाब मीर कासिम याने 1763 मध्ये सर्वांचीच जकात उठवली, आणि पुढच्या वर्षी कंपनीशी बक्सरची लढाई झाली. खऱ्या खुणेच्या आडून कुणाचे काम चालले आहे हा प्रश्न गुमास्त्यांइतका जुना आहे, आणि पुस्तिकेत त्याला जागा हवीच: एजंट कुणी नेमला, कोणत्या पेटीपुरता, किती काळ.

म्हणून माझा कौल असा: एजंटाला 'गुमास्ता', कोड जुळण्याला 'रुजवात', आणि 'खातरजमा' नेमणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावी. 'रुजवात' अजून एखाद्या सहकारी संस्थेच्या, देवस्थानाच्या किंवा पेढीच्या हिशेबात बोलली जात असेल, तर ती कोणत्या अर्थाने आणि कोणत्या क्रियापदाबरोबर येते, हे वाचकांनी अवश्य कळवावे.